बिनपगारी ॲडमिन

मुर्री म्हणजे गोंदियाच का, असं कोणी विचारलं तर उत्तर देण्याआधी आम्ही विचारणाऱ्याच्या हाताकडे बघतो. मुलीची पत्रिका घेऊन आला असेल तर आम्ही गोंदियाचे. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आला असेल तर मुर्रीचे, आणि मुर्री इथून जरा पुढे आहे.

अशा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. हे पद मला कर्तृत्वाने मिळालेलं नाही. ग्रुप काढला होता एका हौशी पोराने. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि जाता जाता त्याने ॲडमिनकी माझ्या गळ्यात टाकली. मी राईस मिलमध्ये हिशेब लिहितो, म्हणजे दिवसभर खुर्चीवर बसून असतो, म्हणजे रिकामाच असतो, असं त्याचं गणित. खुर्चीवर बसणाऱ्याला काम नसतं हा आमच्याकडचा फार जुना समज आहे. तो दूर करायला मला कामातून वेळ मिळालेला नाही.

ॲडमिनचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. पहिला 'राम राम' भजनी मंडळवाल्या काकाजींचा. त्यांच्या मागोमाग 'जय गुरुदेव', म्हणजे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले. मग 'जय भीम'. मग 'जय सेवा', हे आमचे गोंड बांधव. 'जय राजा भोज' आला की पोवार समाज उठला. त्यात 'अस्सलाम आलेकुम', 'जय झुलेलाल', 'जय जिनेंद्र' आणि कबीरपंथीयांचं 'साहेब बंदगी' यांची भर पडते. बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गातले सेवक नुसतं 'नमस्कारजी' म्हणतात. सगळ्यात कमी जागा तेच व्यापतात, त्यामुळे ॲडमिन म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात जरा हळवा कोपरा आहे.

एवढे नमस्कार एका गावात कुठून आले, तर बरेचसे रेल्वेने. हावडा-मुंबई मार्गावरचं हे जंक्शन. इथून एक फाटा बालाघाटकडे जातो आणि दुसरा बल्लारशाकडे. धानाच्या, बिडीच्या आणि तेंदूपत्त्याच्या धंद्यापायी गुजराती आले, मारवाडी आले, फाळणीनंतर सिंधी आले. मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून आमचा वेगळा जिल्हा झाला, पण भाषेच्या बाबतीत आम्ही त्याआधीच सगळीकडून फुटलेलो होतो. गोंदियाचा माणूस हिंदीत भांडतो, मराठीत समेट करतो आणि घरी जाऊन बायकोला झालेली हकीकत पोवारीत किंवा झाडीबोलीत सांगतो. प्रत्येक भाषेत हकीकत थोडी वेगळी असते.

नमस्कार झाले की चित्रं येतात. सोमवारी महादेव, मंगळवारी हनुमान, गुरुवारी साईबाबा, शनिवारी शनी. माझ्या फोनमध्ये तेहतीस कोटींपैकी बऱ्याच जणांची राहण्याची सोय झालेली आहे. फोन जेव्हा 'जागा शिल्लक नाही' म्हणतो तेव्हा कोणाला काढायचं, हा साधा तांत्रिक प्रश्न एकदम धार्मिक होऊन बसतो. महादेव काढावेत तर श्रावण तोंडावर. शनी काढायची छाती कोणाची? शेवटी मी मिलच्या पावत्यांचे फोटो पुसतो. शेठजी रागावतात. पण शेठजींचा राग किती वेळ टिकतो ते मला माहीत आहे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माणसं आपापला देव ग्रुपच्या दारात उभा करून कामाला जात होती. भांडण लागलं ते एका पासष्ट टक्क्यांवरून.

आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'देवाच्या कृपेने' अशी करायची त्यांना सवय. देवाच्या कृपेने सिलिंडर आलं, देवाच्या कृपेने पाऊस थांबला, देवाच्या कृपेने बस चुकली नाही. त्यांनी एका दुपारी लिहिलं, 'देवाच्या कृपेने नातू दहावीत पास झाला.'

आणि आमच्याच गल्लीत एक गुरुजी आहेत. विज्ञानाचे शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग निवृत्त, आणि या तिन्ही अवस्थांत पक्के नास्तिक. त्यांनी लिहिलं, 'पेपर देवाने लिहिला की नातवाने?'

मी त्या वेळी मिलमध्ये कनकीच्या, म्हणजे तुटक्या तांदळाच्या, पोत्यांचा हिशेब जुळवत होतो. तो जुळेपर्यंत ग्रुपवर बरंच काही होऊन गेलं होतं. काकाजींनी गुरुजींना लिहिलं होतं, 'म्हातारपणी समजेल.' गुरुजी शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी 'नक्की तारीख कळवा' असं उत्तर दिलं होतं. एकाने ग्रुपवर धर्म आणू नये असं बजावलं. त्याला दुसऱ्याने विचारलं, 'मंग तुमी सत्संगाची पत्रिका कायले टाकली होती?' एकाने संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम टाकलं. त्याखाली एकाने तेच कलम विरुद्ध बाजूने टाकलं. मधेच कोणीतरी साड्यांच्या सेलची जाहिरात सोडली. सगळ्यात कडवट लिहिणारा माणूस तर गेली कित्येक वर्षं सुरतेला राहतो. माझं निरीक्षण आहे की गावाच्या भांडणात सगळ्यात जास्त तेल तोच ओततो, ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरायला जायचं नसतं.

त्या पोराला पासष्ट टक्के मिळाले होते. कोणी अभिनंदनही केलं नाही.

रात्री दोघांचे फोन आले. एक म्हणाला गुरुजींना काढा. दुसरा म्हणाला वहिनींना समज द्या. दोघांनी शेवटी एकच वाक्य म्हटलं, 'नाही तर तुमच्यावर केस होते म्हणतात, ॲडमिनवर.'

या धमकीला आमच्या जिल्ह्यात वजन आहे, कारण ती केस आमच्याच जिल्ह्यात झालेली आहे. गोंदिया जिल्ह्याने देशाला तांदूळ दिला, सारस पक्ष्यांना घर दिलं आणि ॲडमिनची कायदेशीर व्याख्याही दिली. अर्जुनी मोरगावच्या पोलीस ठाण्यात २०१६ साली एक गुन्हा नोंदवला गेला. एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. त्या बाईंची तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नव्हती. तिचं म्हणणं असं की ॲडमिनने त्या माणसाला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट आपला नाइलाज सांगितला. म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. १ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिनला माणूस घेता येतो आणि काढता येतो. कोण काय लिहिणार ते आधी तपासण्याची, गाळण्याची सोय त्याच्याकडे नाही. आणि आधीपासून संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्याचं पाप त्याच्या माथी मारता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

हा निकाल कळला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपण किती निरुपयोगी आहोत हे आता न्यायालयाने ठरवून दिलेलं आहे. मोठा धीर आला. पण सुख फार टिकलं नाही. २०२२ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली. म्हणजे आधी तपासता येत नाही, पण नंतर पुसता मात्र येतं. साफसफाई खात्याला एवढे अधिकार असतातच.

त्या रात्री मी एकच केलं. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असं एक बटण असतं, ते दाबलं आणि झोपलो.

सकाळी सहाला दाराची कडी वाजली. बाहेर काकाजी.

'राम राम. ग्रुप बंद होता म्हणून म्हटलं प्रत्यक्षच सांगून यावं.'

ते ओट्यावर बसतात न बसतात तोच कुंपणापलीकडून 'जय सेवा भाऊ' असा आवाज आला. दुधाची पिशवी हलवत 'जय गुरुदेव' आले. सात वाजेपर्यंत माझ्या अंगणात, पहाटे फोनमध्ये गर्दी करणारी निम्मी मंडळी प्रत्यक्ष उभी होती. बायकोने चहाचं पातेलं बदलून मोठं ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की उच्च न्यायालयातही मला दाद मिळाली नसती.

पण त्या सकाळी मी एक गोष्ट बघितली. 'राम राम' म्हणणाऱ्याला 'जय भीम' असं उत्तर मिळालं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. 'जय भीम' म्हणणाऱ्याला काकाजींनी 'जय भीम, बसा' म्हटलं. 'नमस्कारजी' सगळ्यांनाच चाललं. कोणी कोणाचं उत्तर वाकून वाचलं नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी वहिनी समोरून येत होत्या. त्या म्हणाल्या, 'राम राम गुरुजी.' आणि हातात पिशवी घेतलेले शहात्तर वर्षांचे नास्तिक म्हणाले, 'राम राम बाई. नातू कुठे घालता आता, आयटीआयला का?'

संध्याकाळी पानठेल्यावर मी गुरुजींना गाठलं. पानठेला ही आमच्याकडची खरी सर्वधर्म परिषद. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना पानवाला कोणाची जात, पंथ, देव विचारत नाही. चुना किती एवढंच विचारतो. (खर्रा वाईटच. गुरुजी खात नाहीत, ते फक्त बडीशेप घ्यायला आणि वाद घालायला येतात.)

'गुरुजी, सकाळी राम राम म्हटलंत तुम्ही.'

'मग?'

'पुरावा नाही मागितला.'

'काहून मागू? ती बाई मला नमस्कार करून राहिली होती, प्रबंध वाचून नाही राहिली.'

'मग फोनवर का मागता?'

गुरुजींनी बडीशेप तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग म्हणाले, 'फोन चष्मा लावून वाचतो ना मी. चष्मा लावला की मला पेपर तपासायची सवय आहे.'

मी यावर खूप विचार केला आणि मला वाटतं त्यांनी आजार बरोबर ओळखला होता. रस्त्यावर माणूस 'देवाच्या कृपेने' म्हणाला की आपल्याला माणूस दिसतो. त्याच्या हातातली निकालाची प्रत दिसते, आनंद दिसतो. फोनवर फक्त वाक्य येतं, आणि वाक्य दिसलं की आपल्यातला प्रत्येक जण लाल पेन काढतो. वहिनींनी ग्रुपपुढे काही ठराव मांडला नव्हता. 'देवाच्या कृपेवर सदस्यांनी हात वर करून मत द्यावं' असं त्या म्हणाल्या नव्हत्या. त्यांना एवढंच सांगायचं होतं की मला आनंद झाला आहे आणि आनंद झाला की माझ्या तोंडून हे असं निघतं. त्याला उत्तर म्हणजे 'पोराला शाबासकी सांगा.' देव असलाच तर त्यालाही हे चाललं असतं, आणि नसला तर प्रश्नच मिटला.

ही रीत आमच्या मुलखाला नवी नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. जाणारी माणसं दोन्हीकडे जातात, आणि दोन्हीकडे त्यांचं लक्ष पायऱ्या किती उरल्या याकडे असतं. सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज लोटतो. काली कंकालीच्या तेहतीस मुलांना गुहेत कोंडलं गेलं आणि पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, ही कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, मूळ कथा. गुहेच्या तोंडावरची शिळा हलवताना किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर तिच्याखाली गेला, असं सांगतात. आमच्या ग्रुपवर एकदा 'जय सेवा'वाल्या भाऊंनी यात्रेचे फोटो टाकून ही कथा लिहिली. सुरतवाल्याने ताबडतोब विचारलं, 'याला ऐतिहासिक आधार काय?' भाऊंनी उत्तर दिलं, 'गुहा आहे, शिळा आहे, जेवण आहे. येऊन बघा. आधार तुम्ही घेऊन या, चढण फार आहे.' त्यावर सुरतेहून काही आलं नाही. गुरुजींनी मात्र लिहिलं, 'गुहा पाहण्यासारखी आहे. मी तीनदा मुलांची सहल नेली होती.' चष्मा त्या दिवशी बहुधा घरी राहिला असावा.

'जय गुरुदेव'वाल्यांची गोष्ट वेगळी. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन पाळून श्रद्धांजली वाहतो. लाखो माणसं एकदम गप्प बसतात, ही मला तरी कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठी गोष्ट वाटते, कारण मी ॲडमिन आहे. आमच्या ग्रुपवरही त्या दिवशी मौन पाळायचं ठरतं. ४ वाजून ५९ मिनिटांनी कोणीतरी लिहितो, 'सगळ्यांनी मौन पाळलं का?' आणि खाली 'हाव', 'हाव', 'हाव' अशी रांग लागते.

तर ज्याचा त्याचा नमस्कार ज्याला त्याला करू द्यावा, एवढ्यावर ॲडमिनचं काम भागलं असतं. पण श्रद्धा नेहमी नमस्कार होऊन येत नाही. कधी ती हुकूम होऊन येते. 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत गोड बातमी मिळेल, न पाठवल्यास...' पुढचं मी वाचत नाही. आमच्या आईच्या काळी हेच पोस्टकार्डावर यायचं. देवीच्या नावाने अकरा कार्डं लिहा, नाही तर अमक्या गावच्या अमक्याचं काय झालं ते ऐका. आई भिऊन कार्डं लिहायची आणि वडील पोस्टात टाकतो म्हणून खिशात ठेवायचे. आम्हाला कधी काही झालं नाही. पोस्टाचा मात्र तोटा झाला असेल. २०१८ च्या जुलैत कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल असं करून टाकलं. देवाची आज्ञा अकराची आणि कंपनीची परवानगी पाचाची. काकाजी मला विचारायला आले, 'उरलेल्या सहाचं पाप कोणाला?' मी म्हटलं, 'कंपनीला.' त्यांना पटलं. तेव्हापासून ते निर्धास्त आहेत.

हुकुमापुढची पायरी म्हणजे इलाज. हे प्रकरण मात्र मी हसण्यावारी नेत नाही.

पावसाळ्यात रोवणी सुरू असते. बायामाणसं दिवसभर गुडघाभर चिखलात, बांध्यांत. साप निघतातच. एका रात्री ग्रुपवर कोणीतरी एका मांत्रिकाचा नंबर टाकला. साप चावल्यास फोन लावावा, फोनवरूनच विष उतरवून मिळेल. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. हे जोडलेले हात म्हणजे आमच्या ग्रुपची राजमुद्रा. जपानात तयार झालेलं हे चित्र तिकडे विनंतीला आणि आभाराला वापरतात. आमच्याकडे त्याचा अर्थ 'वाचलं नाही, पण तुम्ही मोठे आहात' असा होतो.

मी बोट पुसायच्या बटणावर ठेवून बसलो होतो. मनात विचार, काढावं तर म्हणतील ॲडमिन श्रद्धेचा अपमान करतो. ठेवावं तर उद्या कोणी खरंच फोन लावत बसेल. तेवढ्यात आमच्या सिस्टर जाग्या झाल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त, कमी लिहितात. त्यांनी लिहिलं, 'ज्यांना मंत्र म्हणायचा त्यांनी जरूर म्हणावा. गाडीत बसून म्हणावा. गाडी केटीएस दवाखान्याकडे न्यावी. दोरी आवळू नये, चीर देऊ नये, पाय हलवू नये. विषावर औषध दवाखान्यातच आहे.'

नंबर टाकणाऱ्याने लिहिलं, 'सिस्टर, मी कोणाचं वाईट करून नाही राहिलो.'

'माहीत आहे भाऊ. म्हणून तर तुम्हाला गाडीत बसवलं.'

मग गुरुजी आले. मला वाटलं आता संपलं. पण गुरुजींनी त्या रात्री कायदा काढला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्राने जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. गुरुजींनी कायद्याचं पूर्ण नावही दिलं: 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम.' सिस्टरांनी लिहिलं, 'गुरुजी, एवढं म्हणून होईपर्यंत विष डोक्यात जाईल. आधी गाडी काढा.'

आणि मग गुरुजींनी आणखी एक ओळ लिहिली, जी लिहिताना त्यांना किती कष्ट पडले असतील ते मला ठाऊक आहे. 'याच कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, ही नोंद घ्यावी.' काकाजींनी जोडलेले हात पाठवले. या वेळी त्यांनी वाचलं होतं.

मिलमध्ये धान भरडलं की चाळणीवर तांदूळ एकीकडे आणि कनकी दुसरीकडे पडते. चाळणी तांदळाला नावं ठेवत नाही की कनकीला शिव्या देत नाही. मीही तेवढंच केलं. मांत्रिकाचा नंबर पुसला आणि बाकी सगळं, श्रद्धेसकट, राहू दिलं. नंबर टाकणाऱ्याला वेगळा फोन केला आणि पाऊसपाणी विचारलं. विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गुरुजींची बायको गेली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'माझी पत्नी आज पहाटे वारली. नेत्रदान झाले आहे. दहावा, तेरवी होणार नाही. कोणी फुले आणू नयेत.'

ग्रुपला अशा वेळी काय लिहायचं ते पाठ आहे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. प्रभूचरणी स्थान मिळो. अल्ला त्यांना जन्नत नसीब करो. एकामागून एक येत होतं आणि मी पुन्हा फोन हातात घेऊन बसलो होतो, कारण आत्मा म्हटलं की गुरुजी त्याचं वजन विचारतात, हे गावाला माहीत आहे. गुरुजींच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. गुरुजी वाचत होते. संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'सर्वांचा आभारी आहे.' आत्मा कुठे असतो, ते विचारलं नाही.

वहिनींचा संदेश सगळ्यात शेवटी आला. साधं सिलिंडर आलं तरी देवाचे आभार मानणाऱ्या त्या बाईने लिहिलं, 'बाई गेल्या. लय वाईट वाटून राहिलं. दोन दिवस चूल पेटवू नका, डबा आम्ही आणतो.' त्यात देव कुठेच नव्हता. तो त्यांनी वगळला, की राहून गेला, हे मी विचारलेलं नाही.

पुढे बरेच दिवस गुरुजी ग्रुपवर गप्प होते. लोक त्यांच्या समोर जपून लिहीत. पहाटेचे 'राम राम'सुद्धा दबकत येत. मग एका सकाळी कोणीतरी, सूर्यातून ओंकाराचा ध्वनी येत असल्याचं नासाने मान्य केलं, असा व्हिडिओ टाकला. खाली पाच मिनिटांत गुरुजींचा संदेश: 'नासाचं पत्र दाखवा. जावक क्रमांकासह.'

ग्रुपला हायसं वाटलं. व्हिडिओ टाकणाऱ्यालाही वाटलं असावं; त्याने 'शोधून सांगतो' लिहून वर हसरा चेहरा टाकला. वहिनींनी अंगठा दाखवला.

एवढं सगळं झाल्यावर नियम करावेत अशी टूम निघाली. रविवारी बैठक भरली. सुरतवाल्याला फोनवर घेतलं होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता आणि तो दुरुस्त करण्याची कोणी घाई केली नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला पुरावा मागायचा नाही, दुसऱ्याच्या अश्रद्धेला म्हातारपणाची धमकी द्यायची नाही, 'न पाठवल्यास' असलेलं काही पाठवायचं नाही आणि साप, ताप, बाळंतपण यात सिस्टर सांगतील ते अखेरचं, इतकं भराभर ठरलं. कोणाला वाटलं नव्हतं एवढ्या लवकर ठरेल.

अडलं ते मायन्यावर. नियमांच्या वर काय लिहायचं? 'राम राम' लिहावं तर बाकीचे राहतात. सगळे लिहावेत तर कोण आधी, कोण नंतर. वर्णानुक्रमे लिहावं असं एकाने सुचवलं, तर 'अस्सलाम' आणि 'साहेब' यांच्यामधलं अंतर बघून साहेब बंदगीवाले गंभीर झाले. नुसतं 'नमस्कार' लिहावं म्हटलं तर परमात्मा एकवाले खुश झाले, म्हणून बाकीच्यांना शंका आली. गुरुजींनी 'काहीच लिहू नका' म्हटलं. तो गुरुजींचा विजय होईल म्हणून फेटाळलं गेलं. दोन तास गेले. दुसरा चहा झाला. शेवटी काकाजी म्हणाले, 'वरती सूचना लिहा ना बाप्पा. रेल्वे स्टेशनावर लिहितात तसं.' सूचना या शब्दाला कोणाचाच देव आडवा आला नाही.

रात्री नऊला मी नियम टाकले. वर 'सूचना', खाली चार नियम, त्याखाली माझं नाव. पहिलं उत्तर लगेच आलं.

'जय गुरुदेव. नियम छान आहेत. पण भाऊ, उद्या नळ किती वाजता?'

दुसरं आलं, 'जय सेवा. हाव, नळाचं सांगा.'

तिसरं वहिनींचं होतं. 'देवाच्या कृपेने आज आमच्याकडे आला होता.'

मी चष्मा काढून ठेवला आणि लिहिलं, 'मला काय माहीत. मी ॲडमिन आहे, नळवाला नाही.'

'मंग तुमी कायचे ॲडमिन?' असं सुरतेहून आलं.